ठरवून केलेला बिघाड : पंक रॉकच्या गिटारची घडण

पंक रॉक हे संगीत १९७४ ते १९७७ या काळात न्यूयॉर्क आणि लंडन या दोन शहरांत आकाराला आले, आणि तेव्हापासून त्याच्याविषयी असा समज रूढ झाला की ते वाजवायला वाद्याचे ज्ञान लागत नाही आणि चांगली साधने तर मुळीच लागत नाहीत. या समजाला पंकच्या पुरस्कर्त्यांनीच खतपाणी घातले. जानेवारी १९७७ मध्ये ‘साइडबर्न्स’ या घरगुती स्वरूपाच्या इंग्लिश पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरगुच्छांची, वेडीवाकडी रेखाटने छापून एवढ्या भांडवलावर बँड काढण्याचा सल्ला वाचकाला देण्यात आला होता, आणि ते चित्र पुढे या संगीताचे जणू बोधचिन्हच होऊन बसले. मात्र त्या काळातील ध्वनिमुद्रिका कान देऊन ऐकल्या, म्हणजे लक्षात येते की भिंतीसारखा अंगावर येणारा तो खरखरीत, धारदार नाद अपघाताने हाती लागलेला नाही. यंत्र जेथे बिघडू लागते ती नेमकी जागा शोधायची आणि त्याला तेथेच, ना अलीकडे ना पलीकडे, धरून ठेवायचे, अशी ही कारागिरी आहे.

ती समजून घ्यायची तर आधी वाद्याकडे पाहावे लागते. साध्या गिटारला पोकळ लाकडी पेटी असते आणि तारेचा आवाज त्या पेटीत घुमून मोठा होतो. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असल्यामुळे ती विजेवाचून जवळजवळ मुकीच असते. तिच्या पोलादी तारांखाली पिकअप नावाचा भाग बसवलेला असतो, ज्यात लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घेतलेले असतात. वरची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांमध्ये त्याच कंपनसंख्येचा क्षीण विद्युतसंकेत उमटतो; सायकलच्या डायनॅमोत जे घडते तेच येथे सूक्ष्म प्रमाणावर घडते. एका वेटोळ्याचा पिकअप टणत्कारयुक्त आणि स्वच्छ आवाज देतो, पण घरातील वीजवाहिन्यांची घरघरही तो इमानेइतबारे पकडतो. ती घालवण्यासाठी गिब्सन या अमेरिकन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून घरघरीनेच घरघर मारणारा हम्बकर हा पिकअप सिद्ध केला, आणि त्याबरोबर आवाज अधिक जाड व जोरकस झाला, पण त्याची धार थोडी बोथट झाली.

या दोहोंच्या मधली एक जागा पंकला विशेष मानवली. गिब्सनने १९५४ मध्ये ‘लेस पॉल ज्युनिअर’ नावाची गिटार शिकाऊ मुलांसाठी स्वस्तात काढली होती. तिच्यावर नक्षीकाम नाही, पिकअप एकच आणि फिरवायच्या कळा दोनच. तो पिकअप पी-९० या जातीचा होता, म्हणजे वेटोळे एकच, पण रुंद आणि सुमारे १०,००० वेढ्यांचे, त्यामुळे धारही शाबूत आणि ताकदही भरपूर. न्यूयॉर्क डॉल्स या बँडच्या जॉनी थंडर्सने ही गिटार गळ्यात अडकवली आणि लंडनमधील तरुण वादकांनी त्याचे अनुकरण केले. द क्लॅशचा मिक जोन्स आणि द स्लिट्स या बँडची व्हिव्ह अल्बर्टीन या दोघांनीही हीच निवडली. शिकाऊ मुलांसाठी म्हणून काटकसरीने घडवलेल्या वस्तूत जे उरले, नेमके तेवढेच या वादकांना हवे होते.

पिकअपमधून निघणारा संकेत अत्यंत क्षीण असतो आणि त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायरचे, म्हणजेच वादकांच्या भाषेतील अ‍ॅम्पचे. जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये हे काम निर्वात काचनळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, करतात; ट्रान्झिस्टरपूर्व काळातील घरगुती रेडिओत मंद लालसर उजळणाऱ्या ज्या नळ्या असत, त्यांच्याच या बहिणी. प्रत्येक व्हॉल्व्हला ठरावीक मर्यादेपर्यंतच संकेत मोठा करता येतो. त्या मर्यादेपलीकडचा संकेत आत ढकलला, तर गोलाईने वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या ध्वनिलहरीचे माथे व तळ छाटले जातात, लहर चौकोनी होऊ लागते आणि आवाजात खरखर येते. या छाटणीला तंत्रज्ञ क्लिपिंग म्हणतात. ती सौम्य असेल तर वादक तिला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, तीव्र असेल तर डिस्टॉर्शन, आणि मूळ स्वर ओळखू येऊ नये इतकी टोकाची असेल तर फझ. अर्थात या सीमारेषा कोणी शेताच्या बांधासारख्या आखून दिलेल्या नाहीत.

छाटणीचे दोन परिणाम संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की माथे छाटले गेल्यामुळे जोरात छेडलेला स्वर आणि तो विरत आल्यावरचा स्वर यांच्या आवाजात फारसा फरक उरत नाही, आणि सतारिये ज्याला आस म्हणतात ती गिटारच्या स्वराला कृत्रिमरीत्या लाभते. दुसरा असा की लहरीचा आकार बदलताच मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वर नव्याने निर्माण होतात. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी लावून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जे साधले जाते, त्याच्याशी याचे नाते आहे. तेथेही तार घोडीच्या पृष्ठभागाला निसटती घासत राहते आणि त्या घासण्यातून उपस्वरांचा झोत उमटतो. फरक एवढाच की तानपुऱ्यात प्रत्येक तारेची जवारी तिच्यापुरती असते, तर अ‍ॅम्पमध्ये सहाही तारांचा संकेत एकाच नळीतून दाटीवाटीने जातो आणि तेथे स्वर एकमेकांत मिसळून असे नवे स्वर जन्माला घालतात, जे कोणत्याही तारेवर वाजलेले नसतात.

येथेच पंकच्या स्वररचनेचे गुपित आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२.४ असते. तिला षड्ज मानले तर तिचा पंचम १२३.५ वर येतो. हे दोन स्वर एकत्र करून छाटणीत घातले की त्यांच्या वजाबाकीइतका, म्हणजे ४१.१ कंपनसंख्येचा, तिसरा स्वर तयार होतो आणि तो जवळजवळ तंतोतंत खालच्या सप्तकातला षड्ज असतो. म्हणजे बिघडलेले यंत्र षड्ज-पंचमाखाली आपण होऊन खर्ज भरते. पॉवर कॉर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, फक्त षड्ज-पंचमाच्या जोडीचे सामर्थ्य त्यात आहे. या जोडीत गंधार मिसळला की मात्र चित्र पालटते, कारण पडद्यांच्या गिटारमधील गंधार बाजाच्या पेटीतील गंधाराप्रमाणेच समान अंतरांच्या सप्तकातला, किंचित चढा असतो. जाणकार गवयांना पेटीचा गंधार टोचतो तो याच कारणामुळे. त्याच्यापासून निघणारे वजाबाकीचे स्वर आणि उपस्वर षड्जाच्या कुटुंबात नीट बसत नाहीत, एकमेकांवर आदळतात, आणि छाटणी जितकी जास्त तितका गढूळपणा वाढत जातो. तेव्हा वादकापुढे दोनच मार्ग उरतात. गंधार सोडून द्यावा आणि हवी तेवढी खरखर घ्यावी, किंवा गंधार ठेवावा आणि खरखरीला आवर घालावा. पंकच्या पहिल्या पिढीने बहुतांशी दुसरा मार्ग घेतला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

बिघडलेल्या आवाजाची गोडी काही पंकने लावली नाही. लिंक रे या अमेरिकन वादकाने १९५८ मध्ये ‘रंबल’ या वाद्यरचनेसाठी स्पीकरच्या कागदी कोनाला भोके पाडली होती आणि १९६४ मध्ये लंडनच्या द किंक्स या बँडमधील डेव्ह डेव्हिसने एका लहानशा अ‍ॅम्पचा कोन दाढीच्या पात्याने चिरला होता. त्याच सुमारास लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल भागात जिम मार्शल हे ड्रमवादक वाद्यांचे दुकान चालवत होते. महागडे अमेरिकन अ‍ॅम्प परवडत नाहीत ही तरुण वादकांची तक्रार ऐकून त्यांनी १९६२ मध्ये आपल्या तंत्रज्ञांकरवी फेंडर कंपनीच्या बासमन या अ‍ॅम्पच्या धर्तीवर नवा अ‍ॅम्प बनवून घेतला, पण इंग्लंडमध्ये मिळणारे व्हॉल्व्ह आणि स्पीकर निराळे असल्यामुळे नकलेचा स्वभाव अस्सलापेक्षा रांगडा निघाला. १९६५ पर्यंत मार्शल अ‍ॅम्प १०० वॅटपर्यंत पोहोचले होते. वॅट आणि आवाज यांचा हिशेब मात्र सरळ नसतो, कारण ताकद दहापट केली तरी कानाला आवाज सुमारे दुप्पटच वाटतो. मोठ्या अ‍ॅम्पचा खरा परिणाम असा की त्याला छाटणीच्या सीमेपर्यंत नेण्यासाठी खोली हादरेल इतका आवाज करावा लागतो.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील चार तरुणांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या रमोन्स या बँडने नेमके तेच केले. गिटारवादक जॉनी रमोन याने ४८व्या रस्त्यावरील मॅनीज या दुकानातून सुमारे ५० डॉलरला मोसराइट कंपनीची एक जुनी गिटार घेतली होती. ही कॅलिफोर्नियातील कंपनी एके काळी सागरकिनारी वाजणाऱ्या खेळकर वाद्यसंगीतासाठी प्रसिद्ध होती आणि १९७४ मध्ये तिच्या गिटारी कोणाच्या स्वप्नात नव्हत्या. ती गिटार त्याने मार्शल अ‍ॅम्पला जोडली आणि बॉवेरी रस्त्यावरील सीबीजीबी या अरुंद, अंधाऱ्या क्लबमध्ये वाजवली. त्याच्या वादनाचे मर्म मात्र अ‍ॅम्पपेक्षा उजव्या हातात होते. बहुतेक वादक जलद लयीत आघात आळीपाळीने खाली आणि वर करतात, कारण त्यात मनगटाला विश्रांती मिळते. जॉनी प्रत्येक आघात वरून खालीच करी. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत मात्रेमागे दोन आघात धरले तर सेकंदाला सहा वेळा हात खाली येतो आणि सहा वेळा तारांना न शिवता वर जातो, आणि हे पाऊण तास, तासभर न थांबता चालते. या कष्टाचे कारण असे की खाली येणारी नखी आधी जाड तारेवर आदळते आणि वर जाणारी आधी बारीक तारेवर, त्यामुळे आळीपाळीच्या आघातांत एक जड आणि एक हलका अशी हेलकावणारी चाल आपोआप येते, तर सगळेच आघात खाली असतील तर प्रत्येकाचे वजन सारखे पडून लाटांऐवजी सलग भिंत उभी राहते.

शिवाय जॉनी तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून पूर्ण कॉर्ड वाजवत असे, म्हणजे गंधारासह. अ‍ॅम्पची खरखर त्याने बेसुमार वाढवली असती तर कॉर्डचा चिखल झाला असता आणि सेकंदाचे सहा आघात एकमेकांत विरघळून नुसती घोंघों उरली असती. फेब्रुवारी १९७६ मध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतील स्टुडिओत, सुमारे ६,४०० डॉलरच्या खर्चात ध्वनिमुद्रित झालेल्या रमोन्सच्या पहिल्या अल्बमवर याचा पडताळा घेता येतो. १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवणाऱ्या या ध्वनिमुद्रिकेत गिटार एका बाजूच्या स्पीकरमधून आणि बेस गिटार दुसऱ्या बाजूच्या स्पीकरमधून ऐकू येते. श्रोत्याने हेडफोनची बेसकडची बाजू कानावरून काढली की उरतो तो जॉनीचा हात, आणि तो ऐकताना नखीचा प्रत्येक टोला सुटा सुटा मोजता येतो. आजच्या हेवी मेटलच्या तुलनेत ती गिटार चक्क स्वच्छ वाटते. भीषण भासणाऱ्या त्या आवाजात यंत्राचा वाटा लोक मानतात त्याहून कमी आणि मनगटाचा कितीतरी जास्त आहे.

रमोन्स ४ जुलै १९७६ रोजी लंडनच्या राउंडहाउस या सभागृहात वाजवून गेले, पण लंडनचा नाद स्वतंत्र वाटेने घडत होता. सेक्स पिस्टल्स या बँडचा स्टीव्ह जोन्स याच्याकडे पांढरी लेस पॉल कस्टम होती, म्हणजे ज्युनिअरची श्रीमंत, हम्बकर पिकअपची थोरली बहीण. ती न्यूयॉर्क डॉल्सच्या सिल्व्हेन सिल्व्हेनची होती आणि दोन्ही बँडशी संबंध असलेल्या माल्कम मॅकलॅरनने ती लंडनला आणली होती. जोन्सचा अ‍ॅम्प मार्शल नव्हता, हे विशेष. तो फेंडरचा ट्विन रिव्हर्ब होता, जो कितीही चढवला तरी स्वच्छच राहतो म्हणून जॅझ आणि कंट्री वादकांचा लाडका. इतक्या सभ्य अ‍ॅम्पला हम्बकरच्या जोरकस संकेताने मर्यादेबाहेर रेटले की जी खरखर येते, ती मार्शलसारखी मधल्या पट्टीत फुगलेली नसून वरच्या पट्टीत काचेसारखी कडक असते. १९७७ चा त्यांचा अल्बम निर्माता ख्रिस थॉमस आणि ध्वनिमुद्रक बिल प्राइस यांनी ज्या चिकाटीने घडवला, ती तर सिम्फनीच्या ध्वनिमुद्रणाला शोभावी. एकच गिटारभाग जोन्सकडून पुन्हा पुन्हा वाजवून घेऊन थरावर थर चढवले गेले आणि बहुतेक गाण्यांत बेसही त्यानेच वाजवल्यामुळे खालचा स्वर वरच्या स्वरांच्या पावलावर पाऊल ठेवून चालला. अडाणीपणाचा जाहीरनामा म्हणून गाजलेली ही ध्वनिमुद्रिका त्या काळच्या अत्यंत नेटक्या रॉक ध्वनिमुद्रणांपैकी एक आहे, आणि यात विसंगती मानण्याचे कारण नाही, कारण ओबडधोबड दगडांची भिंत उभी राहायची तर गवंडी कसबी लागतो.

क्लॅशचा जो स्ट्रमर मूळचा डावखुरा असून उजव्या हाताने वाजवी, त्यामुळे त्याचा कुशल हात पडद्यांवर आणि अवघडलेला हात तारांवर असे. त्याच्या १९६६ च्या, काळ्या रंगाने रंगवलेल्या फेंडर टेलिकास्टर या गिटारमधून जे करवतीसारखे तुटक आघात निघत, त्यांचे एक कारण यात शोधता येईल. गँग ऑफ फोर या लीड्सच्या बँडच्या अँडी गिलला तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची ऊबच नको होती, म्हणून त्याने मुद्दाम ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प वापरले आणि १९७९ च्या ‘एन्टरटेन्मेंट!’ या अल्बममध्ये पत्र्यावर नखे ओढावीत असा कोरडा आवाज मिळवला.

अ‍ॅम्प मोठ्याने वाजवणे ज्यांना शक्य नव्हते त्यांच्यासाठी १९६० च्या दशकापासून पायाने दाबायच्या डब्या मिळू लागल्या, ज्यांना पेडल म्हणतात. त्यांतील अनेकांत व्हॉल्व्हचे छाटणीचे काम डायोड नावाचे चिमुकले घटक करतात. सिलिकॉनचा डायोड व्होल्टच्या सुमारे सहा-सात दशांशांवर लहर कापतो, तर जर्मेनियमचा त्याच्या निम्म्यावर आणि जरा हलक्या हाताने. अमेरिकेतील हुस्कर डू या बँडच्या बॉब मोल्डने एमएक्सआर कंपनीच्या जर्मेनियमवाल्या डबीतून मधमाश्यांच्या मोहोळासारखा सलग गुंजारव काढला आणि १९८४ च्या ‘झेन आर्केड’ या अल्बममध्ये तो आत दडलेल्या सुरावटींसाठी वापरला. कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅग या बँडचा ग्रेग गिन तर लहानपणापासून हौशी रेडिओसंचांचे सुटे भाग बनवून विकत होता; त्याच्या एसएसटी या ध्वनिमुद्रण कंपनीचे नाव त्याच उद्योगाच्या ‘सॉलिड स्टेट ट्यूनर्स’ या नावावरून आलेले आहे.

अ‍ॅम्प आणि पेडल यांच्या चर्चेत स्पीकरचा विसर पडतो, आणि तो पडू नये. छाटलेल्या लहरीत अतिउंच उपस्वरांची इतकी गर्दी असते की ती थेट ऐकली तर काचेच्या बाटलीत अडकलेल्या माशीसारखी भुणभुणते. गिटारच्या १२ इंची स्पीकरचा जाड कागदी कोन सेकंदाला ५,००० कंपनांपलीकडे फारसा हलतच नाही, म्हणून ती भुणभुण गाळली जाते. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन या कोनाच्या मध्यासमोर धरला तर आवाज कर्कश येतो आणि दोन बोटे कडेला सरकवला तर गोल होतो. अनुभवी ध्वनिमुद्रक अ‍ॅम्पच्या कळांना हात लावण्याआधी मायक्रोफोन सरकवून पाहतात.

पेडलवाचून काम भागवणारेही होते. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडचा इयन मॅकाय पेडल वापरतच नसे. गिब्सन एसजी ही गिटार आणि १९८१ पासून बाजारात असलेला मार्शलचा जेसीएम ८०० हा अ‍ॅम्प, मध्ये फक्त एक केबल, एवढाच त्याचा सरंजाम. या अ‍ॅम्पमध्ये आधीच्या टप्प्यातील व्हॉल्व्हची छाटणी आणि अखेरचा आवाज यांच्या कळा वेगळ्या असतात, त्यामुळे आवाज आटोक्यात ठेवूनही खरखर मिळते. ती कमी करायची तर अ‍ॅम्पपर्यंत जायचीही गरज पडत नाही. गिटारवरची आवाजाची कळ करंगळीने दहावरून सहावर आणली की अ‍ॅम्पमध्ये शिरणारा संकेत लहान होतो, माथे छाटले जायचे थांबतात आणि तोच अ‍ॅम्प जवळजवळ घंटेसारखा स्वच्छ वाजू लागतो; कळ पुन्हा वर नेली की भिंत पुन्हा उभी.

या साऱ्या साधनांचे पुढे जे झाले ते थोडे गमतीचे आहे. फेंडरने २००७ मध्ये स्ट्रमरच्या नावाची टेलिकास्टर बाजारात आणली, जिचा काळा रंग कारखान्यातच झिजवून खालचा थर उघडा केलेला होता. मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडचा पीट शेली १९७६-७७ मध्ये स्टारवे नावाची एक अतिस्वस्त गिटार वाजवत असे. तिच्या अंगाचा वरचा भाग तुटून गेलेला होता, आणि उरलेल्या भागावर काम भागते असे पाहून त्याने ती तशीच ठेवली होती. तिचीही नवी आवृत्ती नंतर एका गिटार कंपनीने विक्रीला काढली. तिच्यात वरच्या भागाचे लाकूड मुळातच बसवलेले नाही आणि तुटल्याची कड यंत्रावर कापून, घासून, रंगवून दिलेली आहे.